अकरा सीसीचा खड्डा

सुईमावशींना खोटं बोलता येत नसे. हा त्यांचा सद्गुण वगैरे मुळीच नव्हता, ती त्यांची अडचण होती. नवरा नवा शर्ट घालून आरशासमोर उभा राहिला आणि "कसा दिसतो?" म्हणाला, की चार बायका जे म्हणतील ते त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. त्या म्हणायच्या, "पोट दिसतं." नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, थंड डोक्याचा माणूस. तो हसून शर्ट बदलायचा. पण दवाखान्यातली माणसं काही त्यांचे नवरे नव्हते. तिथे लोक धीर मागायला यायचे आणि मावशी त्यांच्या हातावर माहिती ठेवायच्या.

"दुखेल का हो, सिस्टर?" असं कुणी विचारलं, की बाकीच्या सिस्टर "छे, मुंगी चावल्यासारखं," म्हणून मोकळ्या व्हायच्या. मावशी म्हणायच्या, "दुखेल. तीन म्हणेपर्यंत." आणि तीनच्या पुढे खरंच दुखायचं नाही, कारण त्यामागे मावशींचे कष्ट होते. ते दिवस काचेच्या सिरिंजचे. सुया एकदा वापरून फेकत नसत. त्या उकळायच्या, वाळवायच्या, बोथट झाल्या की बारीक दगडावर घासायच्या. मावशी रोज घरी निघण्यापूर्वी सगळ्या सुया स्वतः घासत आणि मग एकेक सुई कापसाच्या बोळ्यातून ओढून बघत. एक तंतू जरी टोकाला अडकून आला तरी सुई परत दगडावर. हे काम त्यांचं नव्हतं, मदतनीस बाईचं होतं. "तिला कापूस नीट दिसत नाही," एवढंच मावशी म्हणत, आणि ते खरंच होतं. त्या बाईला चष्मा लागला होता आणि ती तो घालत नव्हती.

मधुमेहाची खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. लोखंडी गजांची एक खिडकी, बाहेर सायकली लावायची जागा. आत टेबलावर बर्नर, परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड आणि निळ्या द्रावणाची भलीमोठी बाटली. त्या निळ्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळं निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर आहे, आणि विटेसारखं लाल झालं तर मावशींच्या कपाळाला आठी. दर गुरुवारी सकाळी बाहेरच्या चार लांब बाकांवर तीस-चाळीस माणसं बसायची. त्यातल्या बहुतेकांना इन्सुलिन टोचून घ्यायला मावशींनीच शिकवलेलं. शिकवण्याची त्यांची रीत ठरलेली होती: पहिली सुई स्वतःला. सिरिंजमध्ये मिठाचं पाणी भरायच्या, बाही वर करायच्या आणि समोरच्या रडक्या पोरासमोर स्वतःच्याच दंडात सुई खुपसायच्या. पोर रडायचं विसरून बघत राहायचं. तीस वर्षं हे चाललं होतं. सुईमावशी हे नाव अशाच कुठल्या तरी पोरानं ठेवलं आणि ते दवाखानाभर झालं. अशी माणसं फार नसतात, आणि जिथे असतात तिथल्या लोकांना त्याची कल्पनाही नसते, ही फार चीड आणणारी गोष्ट आहे.

या पोरांमध्ये एक खारू होती. सात वर्षांची असताना तिला आईनं खांद्यावर टाकून आणलं, तेव्हा ती नुसती हाडं होती आणि तिच्या श्वासाला सडक्या फळांचा वास येत होता. इन्सुलिन सुरू झालं आणि आठव्या दिवशी हीच पोरगी सुई चुकवायला खिडकीचे गज धरून खारीसारखी वरपर्यंत चढली. "अगं खारू, उतर खाली!" मावशी ओरडल्या, आणि तिचं खरं नाव त्या दिवसापासून फक्त केसपेपरवर उरलं. वडील नव्हते. आई शिवणकाम करायची, लोकांचे कपडे सैल करून द्यायची, घट्ट करून द्यायची. तिची बोटं बारीक होती आणि नजर खाली असायची. मावशींनी तिला एकदाच दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलीला सकाळ-संध्याकाळ सुई द्यायला लागली.

दुसऱ्या वर्षी खारूच्या मांड्यांवर खड्डे पडायला लागले. जिथे सुई जाई तिथली कातडीखालची चरबी विरघळून जाई आणि खळगा राही. त्या काळी हे पुष्कळांना व्हायचं. का होतं ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण पुस्तकात लिहिलं होतं की एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्यानं होतं. मग काय, एका गुरुवारी मावशी खोलीबाहेर आल्या आणि भरल्या बाकांसमोर त्या आईला फाडफाड बोलल्या. "जागा बदला म्हणून सांगितलं होतं ना? एकाच ठिकाणी टोचता तुम्ही! मुलीच्या अंगाची चाळण केलीत. या हाताने खड्डे पडताहेत, कळतंय का?" आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पिशवीत हात घातला, पण तोवर मावशी पुढच्या माणसाकडे वळल्या होत्या. खोटं न बोलणाऱ्या बाईचं हेच वाईट असतं. ती चुकली तरी लोक ते खरंच धरून चालतात. बाकांवरच्या सगळ्यांनी ते खरं धरलं, आणि आईशेजारी बसलेल्या खारूनंही धरलं.

मावशी ते विसरून गेल्या. आई तेव्हापासून शेवटच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला बसू लागली आणि कधी खोलीच्या आत आली नाही. खारू बारा वर्षांची झाल्यावर तिनं आईच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि म्हणाली, "आता माझं मी घेईन." आईनं ती मुकाट्यानं दिली.

खारू अठरा वर्षांची झाली तोवर दोन्ही मांड्यांना आणि दोन्ही दंडांना मागच्या बाजूनं खड्डे होते. ती टायपिंगच्या क्लासला जायला लागली होती. उन्हाळ्यात सगळ्या मुली अर्ध्या बाह्यांत आणि ही मनगटापर्यंत बंद. आईनं दंडापाशी आतून पातळ कापूस घालून बाह्या शिवल्या होत्या, म्हणजे कपडा सपाट दिसावा. क्लासमधल्या एकीनं थट्टेत ती बाही ओढली, टाका उसवला आणि ती किंचाळली, "बाई गं, कुणी लचका तोडला काय?" त्या दिवसापासून खारूनं संध्याकाळची सुई बंद केली. तिचा हिशेब सरळ होता: निम्मं औषध, निम्मे खड्डे. दीड वर्षात दोनदा तिला बेशुद्ध आणलं. दुसऱ्या वेळी शुद्धीवर यायला दोन दिवस लागले, आणि डॉक्टर मावशींना बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तिसऱ्या वेळी ही इथवर पोचेलच असं समजू नका."

डॉक्टर हुशार होते, पण त्यांना चालता चालता वाचायची खोड होती. व्हरांड्यातल्या खांबाशी त्यांची जुनी ओळख होती. त्याच महिन्यात ते असेच एक छापील कागद वाचत, कपाळ चोळत मावशींच्या खोलीत आले.

"नवीन इन्सुलिन येतंय. सहा पेशंटांपुरतं, वर्षभर. फार शुद्ध केलेलं."

"म्हणजे आजवर काय अशुद्ध देत होतो?"

"तसंच म्हणा. जनावराच्या स्वादुपिंडातून काढतात ना, तर इन्सुलिनबरोबर इतर बारीकसारीक गोष्टीही येतात. शरीर त्या परक्या गोष्टींशी भांडतं. भांडणात बरंचसं इन्सुलिन फुकट जातं, आणि खड्डेही त्यामुळेच पडतात असं यांचं म्हणणं. आता त्यांनी तो सगळा गाळ काढून टाकलाय." डॉक्टरांनी कागद उलटला. "आणि हे शुद्ध इन्सुलिन खड्ड्यातच टोचलं तर खड्डा भरून येतो, असंही म्हणतात."

"खड्ड्यात? खड्ड्याच्या जवळ सुई नेऊ नका, चार बोटं लांब राहा, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडलाय."

"आता उलट सांगा," डॉक्टर म्हणाले.

सहा जणांच्या यादीत खारू नव्हती. डॉक्टरांचंही चूक नव्हतं. नवं औषध पारखायचं तर नेमानं घेणारी माणसं हवीत, आणि खारू तर बुडवणाऱ्यांची मेरुमणी. मावशी टेबलाशी उभ्या राहिल्या ते हटेनात. "ती बुडवते ते खड्ड्यांपायी. खड्डे भरले तर कशाला बुडवेल? आणि नाही भरले तर तुमचं यादीतलं एक नाव वाया गेलं, तिचा तर जीवच जाणार आहे." शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. वर्षभर नाही, आधी सहा महिने, म्हणाले. तोवर सकाळ-संध्याकाळ नेमानं घ्यायला लागली नाही तर बाटल्या दुसऱ्याला.

"भरतील?" खारूनं विचारलं.

"माहीत नाही."

"मावशी, एकदा तरी खोटं बोला की."

"माझ्याने नाही होत गं. पण मापून बघता येईल. ते खोटं नसतं."

मग मावशींनी जे केलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. खारूला टेबलावर आडवं केलं, मांडी सपाट राहावी म्हणून खाली उशी घातली आणि मोठ्या सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून ते खड्ड्यात थेंब थेंब सोडायला लागल्या. पाणी काठाला आलं आणि मांडीवरून ओघळ सुटला, की थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा वाचायचा. डावी मांडी अकरा सीसी. उजवी आठ. खारू मान उचलून ते छोटंसं तळं बघत म्हणाली, "यात चिमणी अंघोळ करेल." मावशींना हसू आवरेना. त्यांनी वहीत तारीख घालून अकरा आणि आठ लिहिलं.

जुनं इन्सुलिन दिवसाला साठ युनिट लागायचं. नव्याशी शरीर भांडत नाही म्हणून डॉक्टरांनी चव्वेचाळीसवर आणलं, तरी सहाव्या दिवशी क्लासमध्ये खारूला दरदरून घाम फुटला आणि बोटं टाइपरायटरवर थरथरायला लागली. खिशातली साखर तोंडात टाकल्यावर सावरली. डोस आणखी सहा युनिटांनी उतरला. साठाचं काम अडतीस युनिटांत होतंय म्हटल्यावर मावशींच्या मनातली शंका थोडी ढिली झाली. पण महिन्यानं पाणी सोडलं तर डावी मांडी अकरा, उजवी आठ. थेंबाचा फरक नाही.

"बघा," खारू म्हणाली आणि परकर खाली ओढून उठायला लागली. तिचा चेहरा एकदम बंद झाला.

"थांब. उद्याची सुई माझ्यासमोर घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूनं सिरिंज भरली, कापूस फिरवला आणि खड्ड्याच्या काठापासून चार बोटं मोजून सुई टोचली. बोटं तिनं मोजलीही नव्हती, हात आपोआप तिथे गेला.

"अगं, खड्ड्यात म्हणून सांगितलं होतं ना?"

"माहितीय. रोज ठरवते. पण हात जातच नाही तिथे." खारू सुईकडे बघत होती. "लहानपणी तिकडे सुई नेली की तुम्ही हातावर फटका मारायचात."

मावशी स्टुलावर बसल्या. इतकं पक्कं शिकवल्याचा त्यांना आजवर अभिमान होता. दुसऱ्या दिवसापासून खारूनं क्लासच्या आधी दवाखान्यात यायचं ठरलं. मावशी तिचं मनगट धरून सुई खड्ड्याच्या आतल्या काठाशी नेत, आणि खारू डोळे मिटून दट्ट्या दाबे. पंधरा दिवसांनी मनगट धरायची गरज उरली नाही.

आणि मग पाणी कमी भरायला लागलं. डावी दहा. मग साडेआठ. मग सात. चौथ्या महिन्यात पाच आणि उजवी तीन. डॉक्टर मोजणी बघायला आले आणि त्यांनी हातातला कागद चक्क खाली ठेवला. मावशी वरवर शांत होत्या, पण त्या दिवशी परीक्षानळ्या धुताना त्या गाणं गुणगुणत होत्या, असं मदतनीस बाईनं सगळ्यांना सांगितलं, आणि त्यासाठी काही चष्मा लागत नाही.

तरी संध्याकाळचं रडगाणं संपलं नव्हतं. सकाळी दवाखान्यात मावशी होत्या. संध्याकाळी खारू एकटी असायची, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिच्या सकाळच्या परीक्षानळीत विटेचा रंग यायचा. एका गुरुवारी मावशींनी खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मांड्या कोण बघतंय, मावशी? लोकांना दंड दिसतात. तिथे माझा हात पोचत नाही. संध्याकाळी सिरिंज भरते आणि वाटतं, काय उपयोग."

दंडाच्या मागच्या बाजूला स्वतःला सुई देता येत नाही, हे खरं होतं. दुसऱ्याचा हात हवा, तोही घरचा, रोजचा.

"मग आईला सांग ना. तिला येतं चांगलं."

"आईच्या हाताने नको."

"का?"

"तिच्या हाताने खड्डे पडतात."

"कुणी सांगितलं हे तुला?"

खारूनं आश्चर्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच."

मावशींना तो गुरुवार आठवायला जरा वेळ लागला, आणि आठवला तेव्हा सगळा आठवला, शब्दान् शब्द. त्या उठून दारात गेल्या. शेवटच्या बाकाच्या टोकाला आई बसली होती, मांडीवर कापडाची पिशवी. "अहो आई, जरा आत या." आई उठून आली, पण उंबऱ्याशी थांबली. मावशींनी तिच्यासमोर डाव्या मांडीत पाणी सोडून दाखवलं. साडेचार सीसी.

आईनं पुढे वाकून बघितलं. मग म्हणाली, "सुई कोण देतं?"

"हीच."

"पूर्वीसारखीच?"

"सुई तीच, मांडी तीच. बाटली तेवढी बदलली."

"म्हणजे तेव्हाही बाटलीच होती," आई हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता, शिवण उसवून आतला टाका बघावा तसं तिनं ते वाक्य बघितलं. मग पिशवीत हात घालून, फिती आणि रिळांच्या खालून तिनं एक घडी घातलेलं पांढरं कापड काढलं. धावदोऱ्यानं त्यावर दोन पाय, दोन हात आणि पोट रेखलं होतं, आणि त्या रेघांच्या आत बारीक बारीक गाठी होत्या. दर सुईला एक गाठ, दर महिन्याला दोऱ्याचा रंग वेगळा. पाच वर्षांच्या गाठी. लाल गाठी लाल गाठींपासून सारख्या अंतरावर, हिरव्या हिरव्यांपासून. एका महिन्याच्या दोन गाठी कुठेही शेजारी नव्हत्या. असा नेम तीस वर्षांत मावशींच्या एकाही पेशंटनं पाळला नव्हता.

"त्या दिवशी दाखवायला आणलं होतं," आई म्हणाली. "तुम्ही घाईत होता."

आईनं कापडाची पूर्वीचीच घडी घातली आणि ती बाकावर जाऊन बसली.

रविवारी सकाळी मावशी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. चहा समोर गार झाला. नवरा खिडकीशी एक घड्याळ उघडून बसला होता, डोळ्याला भिंग लावून. सगळं ऐकून तो म्हणाला, "पुस्तकात तसंच होतं, तू तरी काय करणार?"

"पुस्तकाने तिला नाही सुनावलं. मी सुनावलं."

"मग माफी माग."

"मागणारच आहे. गुरुवारी तिला आत बोलावते आणि मागते."

नवऱ्यानं चिमट्यानं एक चाक उचललं, फुंकर मारली, परत बसवलं. "तेव्हा कुठे बोलली होतीस? आत की बाहेर?"

मावशी थांबल्या. मग त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला.

गुरुवारी सकाळी बाक भरलेले होते. मावशी खोलीतून बाहेर आल्या तेव्हा लोकांना वाटलं नंबर पुकारणार, पण त्या चारही बाक ओलांडून शेवटच्या टोकाला गेल्या. आई गडबडून उठायला लागली.

"उठू नका. बसूनच ऐका," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळात मोठा, त्या दिवशी त्यांनी तो आणखी चढवला. "अकरा वर्षांपूर्वी इथेच उभी राहून मी म्हणाले होते, की तुमच्या हाताने मुलीला खड्डे पडले. ते खोटं होतं. दोष औषधात होता, हातात नव्हता. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी बोलले. तुमचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. माझं फार चुकलं. मला माफ करा."

खोलीच्या दारात खारू उभी होती, हातात सकाळच्या डोसची भरलेली सिरिंज.

"एवढं मोठ्याने कशाला, सिस्टर," आई म्हणाली. तिची मान खाली होती आणि पिशवीचे बंद तिनं बोटांना गुंडाळून घेतले होते.

"तेव्हा मोठ्यानेच बोलले होते."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. मावशी तशाच समोर उभ्या राहिल्या. डॉक्टर व्हरांड्यात येऊन थबकले. तेवढ्यात खारू बाकांमधून वाट काढत आली. तिनं बाहीचं मनगटाजवळचं बटण काढलं, दुसरं काढलं आणि बाही खांद्यापर्यंत सरकवली. आतला कापूस दंडावर गोळा झाला. चाळीस माणसांसमोर तिचा दंड उघडा होता, मागून लचका तोडल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "इथे माझा हात पोचत नाही."

आई उठली. आधी नळाशी गेली आणि साबण लावून हात धुतले, मग परत एकदा धुतले. सिरिंज घेऊन उजेडात धरली, नखानं टिचकी मारून बुडबुडा वर आणला. आठ वर्षं तिनं सिरिंज हातात घेतली नव्हती, पण बोटं काही विसरली नव्हती. कापूस फिरवला, स्पिरिट वाळेपर्यंत थांबली आणि मग खड्ड्यापाशी तिचा हात अडला.

"खड्ड्यातच?" तिनं मावशींना विचारलं.

"काठावर. आतल्या बाजूने."

सुई गेली. खारूच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तीस वर्षांत शेकडो हात पाहिलेल्या मावशी वाकून बघत होत्या. "माझ्यापेक्षा हलका आहे हो हात," त्या म्हणाल्या, आणि बाकांवरच्या एकाही माणसाला ते आईचं मन राखायला म्हटलं असेल असं वाटलं नाही.

आईनं सुई काढली आणि कापूस दाबून धरला. मुलीचा दंड अजून तिच्या मुठीत होता.

"संध्याकाळी किती वाजता?" तिनं विचारलं. संध्याकाळी काय होत होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण घर एकाच खोलीचं होतं.

खारूनं मान खाली घातली.

"सात वाजता," ती म्हणाली. "मी नको म्हटलं तरी दे."